कमी करायची यादी

२०१९ च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या लाइनी एकेक करून थंडावत गेल्या. त्या ऑगस्टमध्ये देशभरात कंपन्यांकडून डीलरकडे गेलेल्या प्रवासी गाड्या आधीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी कमी होत्या. गाडीच विकली जात नाही म्हटल्यावर तिचा क्लच, तिची केबल, तिचं रबर, ते भरायचा पुठ्ठ्याचा खोका, सगळंच थांबतं. मी तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, पगारपत्रक हे आमचं काम. माणसं कमी करायचं वर ठरलं की त्यांची यादीही आमच्याच टेबलावर तयार होते.

बाहेरच्याला वाटतं, अशी यादी करताना कोण कामसू, कोण दांड्या मारणारा, हे बघत असतील. तसं फार थोडं होतं. यादीचा क्रम मंदी येण्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो. सगळ्यात वर हाउसकीपिंग आणि लोडिंगच्या ठेकेदाराची माणसं. त्यांच्यासाठी कागदसुद्धा लागत नाही, फोन पुरतो: "उद्यापासून सहाच पाठवा." त्यांच्याखाली ट्रेनी. त्या काळात 'नीम' योजनेतली मुलं सर्रास लाइनवर उभी असायची. कागदोपत्री ती शिकाऊ, म्हणून त्यांना काढलं असं कुठे लिहावंच लागत नसे. प्रशिक्षण संपलं, एवढंच. मग कॉन्ट्रॅक्टचे ऑपरेटर. त्यांना एरवीही सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक', म्हणजे कामात मुद्दाम पाडलेला खंड, मिळायचा. त्या वर्षी तो लवकर आला आणि पुष्कळांचा संपलाच नाही. पर्मनंट माणसापर्यंत पोचायला यादीचं पान उलटावं लागतं, आणि ती वेळ बहुधा येत नाही. त्याला ब्लॉक क्लोजरच्या, म्हणजे कारखाना सरसकट बंद ठेवलेल्या, दिवसांची रजा भरायला लावतात, ओव्हरटाइम बंद होतो, बोनसची बोलणी लांबतात. त्रास त्यालाही होता. घराचे हप्ते त्याचेही थकले. पण त्याचं हजेरीचं टोकन चालू राहिलं.

वाहन उत्पादकांच्या संघटनेनेच त्या दिवसांत सांगितलं होतं, की कंपन्यांमधले सुमारे १५,००० हंगामी कामगार कमी झालेत. हा आकडा फक्त गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा. आमच्यासारख्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या कारखान्यांत, शेडमध्ये चार लेथ टाकून बसलेल्या जॉबवर्कवाल्यांकडे किती जण कमी झाले, ते मोजायला कोणी आलं नाही.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, १९५३ पासून, एक नियम होता: कपात करायची तर जो शेवटी लागला तो आधी जाईल. वाचायला न्याय्य वाटतो. पण हा नियम त्या त्या मालकाच्या पटावरच्या माणसांमध्ये लागतो. माझ्या माहितीतला जालन्याकडचा एक मुलगा एकाच मशीनवर वर्षानुवर्षं उभा होता. मशीन तेच, सुपरवायझर तोच, कॅन्टीनही तेच. फक्त ठेकेदार बदलत गेले, आणि ठेकेदार बदलला की रजिस्टरमध्ये त्याची तारीख नव्याने सुरू व्हायची. त्यामुळे तो कायमच 'शेवटी लागलेला' राहिला. त्याच्यानंतर आलेला, साहेबांच्या ओळखीने पटावर चढलेला मुलगा मात्र त्याच्यापेक्षा 'सीनियर' ठरला.

यादीत जातीचा रकाना नसतो. तरीही इतकी वर्षं आडनावं, गावं आणि पत्ते टाइप केल्यावर काही गोष्टी दिसायच्या राहत नाहीत. झाडू-पोछ्याच्या ठेक्यावर जवळजवळ सगळ्या बायका, आणि त्याही बहुतेक दलित वस्त्यांतल्या, मातंग नाहीतर बौद्ध. पेंट शॉप आणि फाउंड्रीतल्या उष्णतेच्या जागी बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं. कॉन्ट्रॅक्ट ऑपरेटर लातूर, नांदेड, बीड, जालना, बुलढाण्याचे, आयटीआय करून आलेले, चिखलीत किंवा मोशीत एका खोलीत सहा-सात जण राहणारे. पर्मनंटच्या पटावर पुणे, सातारा, सांगलीची जुनी नावं. कोणाचे वडील, कोणाचे मामा आधी कुठल्यातरी मोठ्या कंपनीत लागलेले. त्यांनी शब्द टाकला म्हणून हा लागला. त्या पटावर बायका बोटांवर मोजण्याइतक्या.

यातलं काहीही कोणी बसून, ठरवून केलं नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. ठेकेदार आपल्या ओळखीतून माणसं आणतो. सुपरवायझरला जागा दिसली की त्याला भाचा आठवतो. ज्याच्या घराण्यात कोणी कधी पटावर नव्हतं, त्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नसतो. असं वर्षानुवर्षं चालत राहतं, आणि मग एका मंदीत वरून फक्त आकडा येतो. 'तीस कमी करा' एवढंच सांगितलं जातं, आणि कोणते तीस हे आपोआप ठरतं. म्हणूनच मंदी सगळ्यांनाच भोगावी लागते, हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होते. धक्का एकच असतो, पण तो कोणापर्यंत किती पोचेल, हे आधीच ठरलेलं असतं.

२०२० च्या मार्चमध्ये ही यादी अख्ख्या शहराची झाली. महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते. २४ तारखेच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांनी देश बंद. हिंजवडी आणि खराडीतली आयटीवाली मंडळी लॅपटॉप घेऊन घरी गेली. काही आठवड्यांत त्यांची कामं डायनिंग टेबलावर सुरळीत सुरूही झाली. माझं पगारपत्रकाचं कामही घरून चाललं. डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहणाऱ्या गवंड्याला, बिगाऱ्याला, फरशीवाल्याला घरून करता येईल असं काहीच नव्हतं.

सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात शहरांतला बेरोजगारीचा दर जानेवारी ते मार्च २०२० मध्ये ९.१ टक्के होता. एप्रिल ते जूनमध्ये तो २०.९ वर गेला. हा आकडा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापला. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा हिशेब. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी सीएमआयई या खासगी संशोधन संस्थेच्या घरोघरच्या पाहणीतून डिसेंबर २०१९ आणि एप्रिल २०२० ची तुलना जातवार केली. उच्च जातींमध्ये कामावर असलेल्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ३२ वर आलं. अनुसूचित जातींमध्ये ४४ वरून २४ वर. एकीकडे सात अंकांची घट, दुसरीकडे वीस.

त्यातला ४४ पुन्हा एकदा वाचावा. संकटाआधी दलित घरांतली जास्त माणसं कामावर होती. घरात बसून बरी नोकरी मिळेपर्यंत थांबणं त्यांना परवडत नव्हतं. मिळेल ते, मिळेल त्या रोजावर ती करत होती. आणि तेच काम आधी गेलं. याच अभ्यासात असंही दिसलं, की बारावीपुढे शिकलेल्यांना बरंचसं संरक्षण मिळालं. त्यावर लगेच कोणी म्हणेल, मग प्रश्न शिक्षणाचा आहे, जातीचा कुठे? पण बारावीपुढे कोण पोचतं, कोणाला दहावीनंतर ठेकेदाराच्या गाडीत बसावं लागतं, याची नोंदही शेवटी त्याच आडनावांमध्ये सापडते.

शांत काळात चित्र उलटं दिसतं, आणि त्यामुळे पुष्कळांची फसगत होते. एरवी सर्वेक्षणात पदवीधरांचा बेरोजगारी दर निरक्षरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीच्या पुस्तकांवर डोकं टेकवून बसलेली मुलं त्या दरात असतात. त्यांचं दुःख खोटं नाही. गावाकडची दोन एकर गहाण पडलेली, वय वाढत चाललेलं, जाहिरात निघत नाही. पण त्यांना काही वर्षं तरी वाट पाहता येते, कारण मागे कोणीतरी महिन्याला पैसे पाठवत असतं. ज्या बाईकडे ते मेसचा डबा लावतात, तिला तशी वाट पाहता येत नाही. मार्च २०२० मध्ये मुलं गावी गेली आणि पेठांतल्या कितीतरी मेस एका आठवड्यात बंद पडल्या. पोळ्या लाटणाऱ्या बायका, भाजी चिरणाऱ्या, डबे पोचवणारी पोरं, कोणाचंच नाव कुठल्याही पटावर नव्हतं. गेलेली कामं मोजायची तर आधी ती काम म्हणून कुठेतरी लिहिलेली असावी लागतात.

मी सहकारनगरला राहते. आमच्या मागेच तळजाईची वसाहत आहे, पलीकडे पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत. आमच्याकडे येणाऱ्या मावशी तळजाईच्या. चार घरची कामं: धुणं, भांडी, एका ठिकाणी पोळ्या. बंदी लागली तेव्हा पहिले काही दिवस कोणाला काही सुचत नव्हतं, ते समजण्यासारखं होतं. पुढे निर्बंध सैल झाले, तरी सोसायट्यांनी घरकामाच्या बायकांना आत घ्यायचं नाही असं आपापल्या ग्रुपवर ठरवलं. पार्सल आणणारी मुलं येत होती, एसी दुरुस्त करणारा आला, पण मावशींना गेटवरून परत जावं लागत होतं. "ताई, सगळ्यांना सोडतात, आम्हालाच तेवढा रोग होतो का?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि सोसायटीच्या बैठकीत मी तो मांडल्यावर तिथेही मिळालं नाही.

काही घरांनी पगार चालू ठेवला. काहींनी पहिल्या महिन्याचा दिला, दुसऱ्या महिन्यात 'काम नाही तर पगार कसला' म्हटलं. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. आजारपणात रजा घेतली म्हणून कामावरून काढलं, यावरून ठिणगी पडली आणि बघता बघता एका भागातून दुसऱ्या भागात कामं बंद झाली. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. मागण्या काय होत्या? आजारपणाची पगारी रजा, आठवड्याची सुट्टी, दिवाळीला बोनस. आजारपणात पगार कापायचा नाही हे त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मागितलं होतं, आणि महामारीत तोच मुद्दा घराघरांत पुन्हा उभा राहिला.

मावशींचे यजमान रंगकाम करतात. बांधकामं सुरू झाली तसे ते दिवाळीच्या आधी परत रोजावर जायला लागले. मावशींची चारपैकी तीन घरं परत आलीच नाहीत. एकीने डिशवॉशर घेतलं, एकीच्या सूनबाई घरून काम करत होत्या म्हणून 'आता आम्हीच करतो', तिसऱ्यांनी चोवीस तासांची बाई ठेवली. त्यातच शाळा बंद, मुलं घरात, सासूला धाप. पाहणीवाला घरी आला असता आणि त्याने विचारलं असतं, काम शोधताय का, तर मावशींनी 'नाही' म्हटलं असतं. आणि मग त्या बेरोजगारही ठरल्या नसत्या. घरीच असतात, एवढीच नोंद झाली असती.

हे फक्त आमच्या मावशींचं नाही. वर सांगितलेल्या एप्रिल-जूनच्या आकड्यात शहरांतल्या पुरुषांचा आणि बायकांचा बेरोजगारी दर जवळजवळ सारखाच, २१ च्या आसपास दिसतो. कोणी म्हणेल, चला, निदान इथे तरी भेद नाही. पण त्याच तीन महिन्यांत काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या शहरी बायकांचं प्रमाण, जे आधीच जेमतेम २२ टक्के होतं, ते २० च्याही खाली घसरलं. त्या मोजणीतूनच बाहेर पडल्या. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या अभ्यासाने २०२० च्या अखेरीपर्यंतचा हिशेब मांडला: आधी काम असलेल्या पुरुषांपैकी ७ टक्के काम गमावून परत आले नाहीत. बायकांमध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. संकटात काम आधी कोणाचं जातं याची चर्चा थोडी तरी होते. परत कोण येतं, किती उशिरा येतं, आणि आल्यावर आधीच्या रोजापेक्षा किती कमीवर येतं, हे विचारायला कोणी थांबत नाही. माझ्या अनुभवात, यादीत जो वर असतो तो बाहेर पहिला जातो आणि आत शेवटचा येतो.

पत्त्याचंही तसंच. एप्रिल २०२० मध्ये पुण्यात सगळ्यात जास्त रुग्ण भवानी पेठेच्या भागात निघाले, आणि पूर्वेकडच्या पेठा, कोंढव्याचा काही भाग पोलिसांनी बंद केला. गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे ठोकले. कासेवाडी, लोहियानगरमध्ये दहा बाय दहाच्या खोल्या आणि सार्वजनिक संडास. तिथे रोग पसरणारच होता. पण पत्रे निघाल्यावरही तो पत्ता माणसांना चिकटून राहिला. हातगाडीवाले, शिवणकाम करणाऱ्या बायका, गॅरेजमधली मुलं, यांत मुसलमान आणि दलित घरं मोठ्या संख्येने आहेत. 'कुठून आलात' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे त्यांना ठरवून ठेवावं लागत होतं.

हल्ली आमच्या सोसायटीत वेगळी धास्ती आहे. हिंजवडीतल्या कंपन्यांमध्ये माणसं कमी होताहेत, कोणी प्रकल्पाविना 'बेंच'वर बसलंय, एआयने कोणाचं काम जाईल याची चर्चा रोज जिन्यात होते. पंचेचाळिशीतल्या इंजिनिअरला एका दुपारी ईमेलवर निरोप मिळावा, हे वाईटच. मी त्यांची धास्ती कमी लेखत नाही. पण एखादी कंपनी इमारतीतले दोन मजले सोडते, तेव्हा बातमीत इंजिनिअरांचा आकडा येतो. त्या दोन मजल्यांची सफाई करणाऱ्या, कॅन्टीनमध्ये ताटं उचलणाऱ्या, रात्रीची कॅब चालवणाऱ्या, गेटवर उभ्या असणाऱ्या माणसांचा आकडा त्यात नसतो, कारण ती कोणत्यातरी एजन्सीची असतात. इंजिनिअरला निदान नोटिशीचा पगार मिळतो, 'फुल अँड फायनल' हिशेब होतो, पीएफ असतो. एजन्सीच्या माणसाला दुसऱ्या 'साइट'वर पाठवू म्हणतात, आणि दुसरी साइट आलीच नाही तर त्याला काढलं असं कोणी म्हणतही नाही.

बेकारी भत्ता भारतात मुळीच नाही असं पुष्कळांना वाटतं. थोडासा आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची (ईएसआयसी) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. करोनात तिची रक्कम सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के केली गेली, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. पण त्यासाठी किमान दोन वर्षं विमाधारक असावं लागत होतं, आणि ठरावीक काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागत होती. दर काही महिन्यांनी ठेकेदार आणि त्याच्याबरोबर कागद बदलणाऱ्या मुलाला हे जुळवून दाखवणं किती कठीण असतं, ते टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या मुलांच्या फायली बघून मला कळलंय. ज्याला काम जायची भीती सगळ्यात जास्त, त्याच्यापर्यंत ही योजना सगळ्यात कमी पोचली.

मग ही यादी बदलतच नाही का? बदलते. पुण्यातच बदललेली आहे, आणि याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठीवर पोती वाहणारा हमाल हा शहरातला सगळ्यात हलक्या रोजाचा, वाटेल तेव्हा हाकलता येईल असा माणूस असायला हवा होता. १९५५ पर्यंत होताच. त्या वर्षी डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. वर्षानुवर्षं लढून १९६९ मध्ये राज्याला माथाडी कायदा करावा लागला. त्या कायद्याने एक साधी गोष्ट केली: हमाल कोणत्या एका व्यापाऱ्याचा नोकर नसला तरी माथाडी मंडळाच्या पटावर त्याचं नाव आलं. व्यापारी मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे भरतो, त्यातून पीएफ, बोनस, औषधपाणी निघतं. हमाल पंचायतीच्या, १९७४ मध्ये सुरू झालेल्या 'कष्टाची भाकर' या भोजनकेंद्रात आजही स्वस्तात जेवण मिळतं. २०२० मध्ये मार्केट यार्ड काही आठवडे बंद राहिलं, तेव्हा हमालांचीही मजुरी बुडाली. ते काही सुखात नव्हते. पण बाजार उघडला त्या दिवशी टोळी तीच होती. टोळीतली जागा कोणा स्वस्त माणसाला देऊन टाकता येत नव्हती. शरीरकष्ट तेच, शिक्षण तेवढंच, घरची परिस्थिती तशीच, तरी बांधकामावरच्या बिगाऱ्यापेक्षा त्याचा धोका कमी होता. फरक फक्त नोंदीचा आणि संघटनेचा. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा गेले, तेव्हा त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून आलं. मला मात्र मंडळाच्या पटावरच्या त्या नावांची आठवण येत राहिली.

कचरा वेचणाऱ्या बायकांचंही तसंच. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, महापालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं आली, आणि २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेमार्फत त्याच बायका घरोघरचा कचरा रीतसर उचलू लागल्या. यातल्या बहुसंख्य दलित. बंदीच्या काळात सगळं शहर दारं लावून बसलं असताना त्या रोज येत होत्या. भंगाराची दुकानं बंद, त्यामुळे विक्रीचं उत्पन्न बुडालं; पण घरोघरची फी पुष्कळ ठिकाणी मिळत राहिली, आणि आत यायला त्यांना कोणी अडवलं नाही. त्याच गेटवरून मावशी परत जात होत्या. दोघींचीही वस्ती तीच, हातातलं कामही फार वेगळं नव्हतं. एकीकडे ओळखपत्र होतं, दुसरीकडे नव्हतं.

यालाही एक काळी बाजू आहे. काम टिकलं ते जीव धोक्यात घालून. ज्यांना काम राखायचं त्यांनी रोग पत्करायचा आणि ज्यांना रोगापासून वाचायचं त्यांनी काम सोडायचं, ही निवड आम्हा पगारदारांपुढे कोणी ठेवलीच नव्हती. आणि २०२० संपता संपता 'स्वच्छ'चा महापालिकेबरोबरचा करारच टांगणीला लागला, तेव्हा टाळ्या वाजवणारं शहर फारसं बोललं नाही.

आणखी एक गोष्ट, जी टाइम ऑफिसमध्ये दर महिन्याला माझ्या डोळ्यांसमोरून जायची. पगारपत्रकात व्यवसाय कराचा रकाना असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हे कशासाठी कापतात, असं नवा मुलगा हमखास विचारायचा. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गावंच्या गावं बाहेर पडली होती. त्या कामांतून वि. स. पागे यांच्या आग्रहाने हमीची कल्पना आकाराला आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि त्याच्या खर्चात शहरातल्या पगारदारांचा वाटा. केवढी मोठी गोष्ट होती ती! त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, कारण तिथे कोणाच्या शब्दाची गरज नव्हती.

पण ती हमी गावांपुरती. १९७२ मध्ये ते बरोबरही होतं. आज त्याच बीड-जालन्याची नातवंडं चिखलीत, वाघोलीत, मांजरीत राहतात, आणि त्यांचं काम गेलं की शहर त्यांना गावाकडे जायला सांगतं. २०२० मध्ये ती गेलीही, मिळेल त्या वाहनाने, पायी. केरळमध्ये २०१० पासून शहरी रोजगार हमी आहे. राजस्थानने २०२२ मध्ये सुरू केली. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्याच्या शहरांत ती नाही. पुण्याला काम नाही असं तर म्हणता येणार नाही. ओढे-नाले तुंबलेले आहेत, टेकड्यांवरची झाडं पाण्यावाचून वाळताहेत, महापालिकेच्या शाळांच्या भिंतींना ओल आहे. व्यवसाय कर आजही कापला जातो. तो भरणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी आपल्या नगरसेवकाला विचारायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मावशींचं सांगायचं राहिलं. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्यांदा निर्बंध लागले, तेव्हा राज्य सरकारने नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. मावशींची नोंदणीच नव्हती. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं तर ज्या घरांमध्ये त्या काम करत होत्या तिथेही कोणाला माहीत नव्हतं. १८ ते ६० वयाच्या बाईला नोंदणी करता येते. कागद फार लागत नाहीत, पण एक लागतो: ज्या घरी काम करता त्या घराचं, ही बाई आमच्याकडे काम करते, असं प्रमाणपत्र. तिथेच बहुतेकींचं घोडं अडतं. सही दिली तर उद्या आपल्यावर काही येईल, पगारी रजा मागतील, कोर्टात जातील, अशी घरोघरी भीती. त्या सहीने घरावर कसलंही आर्थिक बंधन येत नाही.

मी सही दिली. नंतर लागलेल्या नव्या घरांपैकी एकीने समजावल्यावर दिली, दुसरीने दिली नाही. मावशींचं नाव आता मंडळाकडे आहे. नूतनीकरण वेळेवर करावं लागतं, नाहीतर नोंदणी असून नसल्यासारखी होते. ती तारीख मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवते. मावशींच्या वस्तीतल्या आणखी काही जणींचे अर्ज भरून तयार आहेत, आधार जोडलेलं आहे, फोटो लावलेला आहे, फक्त घराची सही नाही. हे वाचणाऱ्या ज्या कोणाकडे अशा कोणी येत असतील, त्यांनी उद्या सकाळी त्यांना नोंदणीचं विचारावं, आणि नसेल तर त्या कागदावर स्वतःहून सही द्यावी.